रात्री रस्त्यात कुणी हात केला तर थांबायचं का? साडेतीनशे वर्षांची एक भीती

ऊस हंगाम सुरू झाला की आपल्या सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. रात्री हायवेवर कुणी हात केला तर थांबू नका. बाई रडत उभी असेल तर अजिबात थांबू नका. काचेवर अंडं फेकलं तर वायपर लावू नका. रस्त्याकडेला लहान मूल दिसलं तरी गाडी दामटा आणि थेट पोलीस ठाणं गाठा. खाली 'जनहितार्थ'. गावाचं नाव तेवढं बदलतं. कधी टेंभुर्णी, कधी मोहोळ, कधी येरमाळ्याचा घाट.

मेसेज बनावट आहे म्हणून हसून सोडता येत नाही. येरमाळ्याच्या घाटातल्या लुटीच्या बातम्या या भागातली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. त्या काही हवेतल्या नव्हत्या. घरी बायका-पोरं वाट बघत असताना रात्री एक वाजता अनोळखी माणसासाठी ब्रेक दाबायचा की नाही, हा प्रश्न खराच आहे. पण तो नवा नाही. आपल्या आधी कितीतरी पिढ्यांनी याच रस्त्यांवर तो सोडवायचा प्रयत्न केलाय. त्यांनी काय केलं आणि त्यात कुठं चुकलं, हे बघितलं तर आपलं उत्तर थोडं सोपं होतं, असं मला वाटतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

रडणारी बाई, इसवी सन 1666

थेवनो नावाचा एक फ्रेंच प्रवासी 1666-67 मध्ये हिंदुस्थानात आला होता. सुरतेला उतरला, औरंगाबाद बघितलं, गोवळकोंड्यापर्यंत गेला. दिल्ली-आग्रा रस्त्याबद्दल त्यानं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तिथले लुटारू एका देखण्या बाईला रस्त्यावर पाठवतात. ती केस मोकळे सोडून रडत बसते. घोडेस्वार थांबतो, विचारपूस करतो, दया येऊन तिला मागं बसवून घेतो. थोडं पुढं गेलं की ती त्याच्या गळ्यात फास टाकते आणि दबा धरून बसलेले साथीदार धावून येतात.

वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हा तर आपल्या ग्रुपवरचा मेसेज! घोड्याची मोटारसायकल झाली, बाकी सगळं तेच. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्या वर्षांतली ही गोष्ट आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये 'कालच घडलेली घटना' म्हणून येते.

तेव्हाची व्यवस्था

मग तेव्हा लोक प्रवास करायचेच नाहीत का? करायचे. वारी होती, बाजार होते, बंजाऱ्यांचे मीठ-धान्याचे तांडे होते. रस्ता धोक्याचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून एकटं कुणी निघत नसे. रात्र पडायच्या आत धर्मशाळा, देऊळ नाहीतर गावची चावडी गाठायची.

आणि मराठेशाहीत एक फार मोलाची गोष्ट होती. गावच्या शिवेत वाटसरूची लूट झाली तर ते प्रकरण गावाच्या अंगावर यायचं. जागल्या, रामोशी माग काढत निघायचे. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. मागच लागला नाही तर भरपाई करून द्यायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या रिवाजाचं वर्णन आहे.

ही व्यवस्था काही रामराज्य नव्हती. तिच्यात जातीचा जाच होता, निरपराधाला धरणंही होतं. पण तिच्यातला एक विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अनोळखी वाटसरूची काळजी ही एकट्यादुकट्याच्या दयेवर सोडलेली नव्हती, ती गावाची जबाबदारी होती. आज हायवेवर तुम्ही एकटे, समोरचा एकटा, आणि दोघांच्या मध्ये कुणी नाही.

नळदुर्गचा साहेब आणि ठग

आता आपल्या जवळ या. सोलापूरहून हैदराबादकडं निघालं की तासाभरात नळदुर्ग लागतं. 1853 मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांकडं सोपवला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर म्हणून फिलिप मेडोज टेलर आला. याच टेलरनं 1839 मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानं कादंबरी लिहिली होती. तिच्यामुळं 'ठग' हा शब्द इंग्लंडात घराघरात पोचला. व्हिक्टोरिया राणीही तिची वाचक होती. तरुणपणी टेलर तुळजापूर भागात निजामाच्या पोलिसात होता. म्हणजे ठगांची ती जगप्रसिद्ध कादंबरी लिहिणाऱ्याला आपले रस्ते चांगले माहीत होते.

ठगांची पद्धत काय होती? ते अंगावर धावून जात नसत. ते सोबत करायचे. 'रस्ता वाईट आहे, एकटे जाऊ नका, आमच्याबरोबर चला,' असं म्हणत चार-पाच दिवस गोड बोलायचे, एकत्र जेवायचे, मग एका मुक्कामी रुमालाचा फास. थेवनोच्या गोष्टीत मदत मागणारा दगा देतो. ठगांच्या गोष्टीत मदत देऊ करणारा दगा देतो. म्हणजे भीती दोन्ही बाजूंनी आहे. तुमची गाडी बंद पडलेली असताना जो थांबतो, त्याला बघूनही तुमच्या पोटात गोळा येतोच की.

कर्नल स्लीमन आणि त्याच्या खात्यानं 1830 च्या दशकात ठगांचा बीमोड केला, हे शाळेत शिकलोय. 1836 चा कायदा असा होता, की अमुक एक गुन्हा सिद्ध करायची गरजच उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं की जन्मठेप. बहुतेक पुरावा माफीच्या साक्षीदारांचा. त्यामुळं ठगांची संख्या खरंच तेवढी होती का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. रस्ते काही प्रमाणात सुरक्षित झाले असतील. पण सरकारला एक सवय लागली: गुन्हा शोधण्यापेक्षा माणसाचा गट शोधायचा.

सोलापूरची तार

ती सवय 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. 1911 मध्ये तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती. मूल जन्मलं की गुन्हेगार. गाव सोडायचं तर परवानगी, रात्री हजेरी.

सोलापूरकरांना हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. 'सेटलमेंट' हा आपल्याकडं रोजच्या वापरातला शब्द आहे, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. काटेरी तारेच्या आत माणसं कोंडून ठेवायची आणि कामाला गिरणीत पाठवायची, अशी ती वसाहत. इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटपैकी एक. 15 ऑगस्ट 1947 ला तुम्ही-आम्ही स्वतंत्र झालो, तारेच्या आतली माणसं नाही. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणून त्या समाजात हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

या सगळ्याचा रस्त्यात थांबण्याशी काय संबंध? संबंध असा, की रात्री हात करणारा माणूस बघितल्यावर दोन सेकंदांत आपण त्याचे कपडे, त्याचा रंग, त्याची बोली जोखतो. 'हा तसला दिसतो.' हे 'तसला' आपण जन्मतः घेऊन आलेलो नाही. ते ऐंशी वर्षं कायद्यानं शिकवलंय.

राईनपाडा

आणि त्या शिकवणुकीची किंमत आपल्याच जिल्ह्यानं मोजली आहे.

1 जुलै 2018. रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं पोचले. कुणाला तरी संशय आला. जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं गाव. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बहामनी सरकारचं धान्याचं कोठार उपाशी माणसांसाठी खुलं करणारे दामाजीपंत. कोण कुठला, कुठल्या जातीचा, खरंच उपाशी आहे की ढोंग करतोय, हे त्यांनी विचारलं नाही असं आपण कीर्तनात ऐकतो. त्या गावच्या शिवारातली माणसं चारशे किलोमीटरवर 'अनोळखी' ठरली, एवढ्याच कारणानं गेली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींवर निकाल दिला, आणि व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढं 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच अफवेनं मारले गेले. ते तर गाडीतले प्रवासी होते.

'सावध राहिलेलं बरं, मेसेज पाठवला तर बिघडलं कुठं?' असं म्हणणाऱ्यांनी ही दोन गावं विसरू नयेत. बिघडतं.

खरी भीती कुणाची?

आता एक गंमत सांगतो. लोक अपघातात, अडचणीत थांबत का नाहीत, याचा सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनं 2013 मध्ये देशातल्या शहरांत सर्व्हे केला. 74 टक्के लोक म्हणाले, आम्ही मदतीला जाण्याची शक्यता कमी. आणि त्यातल्या 88 टक्के लोकांनी कारण दिलं ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या खेपा. रडणारी बाई नव्हे, अंडं फेकणारी टोळी नव्हे. खाकी आणि काळा कोट!

मला याचं नवल वाटलं नाही. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मी अपघात आणि गुन्ह्याच्याच बातम्या केल्या. एका दूधगाडीवाल्यानं पहाटे दोघा जखमींना उचलून दवाखान्यात आणलं होतं. त्याला चौकीत बसवून विचारत होते, 'तूच धडक दिली नाहीस कशावरून?' दहा वाजले तरी सोडलं नव्हतं. बाहेर गाडीत दूध नासत होतं. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, परत नाय थांबणार." त्याला काय उत्तर देणार?

कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. एका स्कूटरवाल्याला भरधाव मोटारीनं उडवलं. रस्त्यावरच्या एका माणसानं त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात लावला नाही. 'पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्या.' वाटेतच तो गेला. ही बातमी पेपरात आली. परमानंद कटारा यांनी त्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 28 ऑगस्ट 1989 चा निकाल: आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, डॉक्टरला नकार देता येणार नाही. एका बातमीतून एवढं झालं, हे आमच्या धंद्यातल्या पोरांना मी मुद्दाम सांगतो.

पण उचलून आणणाऱ्याचं काय? 2006 मध्ये विधी आयोगानं आपल्या 201 व्या अहवालात म्हटलं, की जखमी पहिल्या तासात दवाखान्यात पोचले तर निम्मे मृत्यू टळू शकतात. त्या तासात रुग्णवाहिका नेहमी पोचते असं नाही. पोचतो तो रस्त्यावरचा माणूस. सेव्हलाइफच्या याचिकेवर 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा माणसाच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं आणि 2020 मध्ये त्याचे नियम.

हे नियम साध्या भाषेत सांगतो, कारण हे फारच थोड्यांना माहीत आहे:

• जखमीला मदत करताना तुमच्या हातून अजाणता काही चूक झाली, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा होत नाही.
• नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही. पोलीसही नाही.
• साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर. तयार असाल तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी, एकदाच घ्यायचा.
• हे हक्क दवाखान्याच्या दारात स्थानिक भाषेतही लावलेले असले पाहिजेत.

वर, गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला 2021 पासून केंद्राचं 5 हजारांचं बक्षीस होतं. 2025 मध्ये ते 25 हजार झालं, नाव 'राह-वीर'. जखमीला सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार विनारोकड, अशीही योजना 2025 मध्ये आली.

कायद्यात या माणसाला 'गुड समॅरिटन' म्हटलंय. बायबलातली गोष्ट आहे. जेरुसलेमहून यरीहोच्या वाटेवर एकाला लुटारूंनी मारून टाकलेलं असतं. पुरोहित बघून पुढं जातो, दुसरा मानकरीही जातो. थांबतो तो समॅरिटन, म्हणजे त्या काळात तिथल्या लोकांनी हलका मानलेल्या समाजातला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या शेवटच्या भाषणात या गोष्टीचा उलगडा करताना म्हटलं होतं, की पुढं गेलेले दोघं दुष्टच असतील असं नाही, कदाचित घाबरले असतील. पडलेला माणूसच लुटारूंचं आमिष असेल असं त्यांना वाटलं असेल. दोन हजार वर्षांपूर्वीचा तोच मेसेज!

आणि आपल्याकडं अपघात झाला की पहिल्यांदा कोण धावतं? फाट्यावरचा टपरीवाला, ढाब्यावरची पोरं, रानात पाणी धरायला आलेला शेतकरी, पालावरची माणसं. एसी गाडीतले आम्ही काच खाली करून व्हिडिओ काढतो.

14 ऑगस्ट 2022 ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला. गाड्यांना हात करत होतो, कुणी थांबत नव्हतं, असं त्यांच्या ड्रायव्हरनं तेव्हा सांगितलं. नेमका किती वेळ गेला यावर पुढं वाद झाला. पण माजी आमदाराच्या गाडीसाठीही हायवे थांबेल याची खात्री नाही, हे राज्यानं ऐकलं.

तिसरा धोका, ज्याचा मेसेज येत नाही

चोराची भीती झाली, पोलिसाची झाली. पण आज पुणे-सोलापूर रस्त्यावर थांबणाऱ्याचा जीव जायची जास्त शक्यता कशानं आहे, सांगू? मागून येणाऱ्या गाडीनं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. सरकारी आकडेवारीत 'मागून धडक' हा प्रकार दरवर्षी वरच्या क्रमांकावर असतो.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची गर्दी. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर. एक्सल तुटला, टायर बसला की ट्रॉली भर लेनमध्ये उभी. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चार दगड मांडायचे, ऊस टाकायचा आणि मिस्त्री आणायला जायचं. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. दुसऱ्या रात्री त्यावर मोटारसायकल. याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात रडणारी बाई नाही.

तर मग, थांबायचं का?

माझं उत्तर: हो. पण डोळे उघडे ठेवून.

गाडी नुसतीच बंद पडलेली दिसते, जागा सुनसान आहे, तुम्ही एकटे आहात किंवा सोबत लेकरंबाळं आहेत, मनात पाल चुकचुकतेय: उतरू नका. त्यात लाज नाही. पण तसेच निघूनही जाऊ नका. पुढं उजेडात, ढाब्यावर, पंपावर थांबा आणि फोन करा. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033, पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. किलोमीटरचा दगड बघून आकडा सांगा. वरवडे, सावळेश्वर अशा टोलनाक्यांवरही सांगता येतं. टोल आपण उगाच भरत नाही. गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका त्या पैशातच आहे.

माणूस जखमी दिसला, तर थांबाच. गाडी साइडपट्टीच्याही बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण चांगला लांब मागं ठेवा, मोबाइलचा उजेड मागच्या गाड्यांना दाखवा, सगळ्यांना दुभाजकापासून आणि लेनपासून दूर करा. आणखी एका गाडीला थांबवा. दोन गाड्या थांबल्या की तिसरी आपोआप थांबते, आणि चोराचीही हिंमत जाते. हाच जुना शहाणपणा: एकट्यानं नाही, मिळून.

आणि तुमचीच गाडी बंद पडली, तर समोरच्याच्या मनातली भीती ओळखा. गाडीतला दिवा लावा, बॉनेट उघडा, हात मोकळे दिसू द्या, त्याच्या काचेशी जाऊ नका. लांबूनच सांगा, 'फक्त फोन करा साहेब.'

हायवेकडेच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. पूर्वी शिवेतला वाटसरू ही गावाची जबाबदारी होती. ती जबाबदारी आज आपखुशीनं घेता येते. फाट्यावर एक पाटी, तिच्यावर तीन नंबर, एक स्ट्रेचर, दोन लाल त्रिकोण आणि रात्री जागा असणाऱ्या एका टपरीवाल्याचं नाव. एका जुन्या काळच्या पाणपोईपेक्षा जास्त खर्च येणार नाही.

त्या दूधगाडीवाल्याला तेव्हा मी काही बोलू शकलो नव्हतो. आज 134-अ दाखवता येईल. पण तो कायदा दवाखान्याच्या दारातल्या पाटीवर दिसेल तेव्हाच त्याच्यासारख्यांपर्यंत पोचेल. पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात गेलात तर दारात ती पाटी आहे का बघा. नसेल तर विचारा, का नाही म्हणून.